ठशांच्या विभागात रुजू होणाऱ्या मुलीस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. पोलिसांच्या बोटांच्या ठशांच्या विभागात नेमणूक झाल्याचा तुझा फोन आला आणि दिवसभर जुने दिवस आठवत राहिले. काचेवर रोलरने शाई पसरायची, एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. माणूस बाहेरचा असल्याचा संशय आला की स्लिपा टपालाने दुसऱ्या राज्यांत पाठवायच्या आणि वाट बघत बसायचं. आता नेफिसवर, म्हणजे देशभरच्या ठशांच्या संगणकीय साठ्यावर, हे मिनिटांत होतं. समुद्रात काही दिवस राहिलेल्या प्रेताच्या बोटाची कातडी सैल होऊन मोज्यासारखी निघते. ती हातमोज्यावरून माझ्या बोटावर चढवून मी ठसा उमटवला आहे. तसला ठसा कुठे जुळला की एका घराला आपला माणूस निदान क्रियाकर्मासाठी तरी मिळतो. म्हणून ठसे साठवूच नयेत म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण ठसे साठवले की ते सरसकट लावून बघायचा मोह होतो, आणि गुन्हा जितका भयंकर तितका तो मोह मोठा. 2013 च्या जानेवारीत वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. जागेवरचे ठसे जुळवण्यासाठी सीबीआयने आधारमध्ये नोंदलेल्या गोव्यातल्या सगळ्यांचीच माहिती मागितली. खालच्या कोर्टाने ती द्यायला सांगितलं. आधार प्राधिकरण उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ज्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय ती कोणत्याही यंत्रणेला द्यायची नाही.

मला तेव्हा राग आला होता. त्या लेकराचा गुन्हेगार सापडत असेल तर माझेही ठसे घ्या, असं मी घरात ओरडून बोललो. मग रात्री कागदावर हिशेब मांडला. 2011 च्या जनगणनेत आपण गोंयकार साडेचौदा लाखांहून जास्त. अर्धवट, पुसट ठसा हजारात एकाशी चुकून जुळतो असं नुसतं धरलं, तरी साडेचौदाशे निरपराध माणसं संशयित. त्यांतल्या एकाला जरी ठाण्यात नेलं, तरी वाड्यावर त्याच्या घरच्यांनी तोंड कसं दाखवायचं?

यंत्र तुला नावांची यादी देईल. गुन्हेगार त्या यादीत असेलच असं नाही, हे पक्कं धर. 2004 च्या माद्रिदच्या रेल्वे स्फोटांत एफबीआयच्या यंत्राने दिलेल्या यादीतून अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठसा तज्ज्ञांनी ‘जुळला’ म्हणून सांगितला. तो दोन आठवडे कोठडीत होता. ठसा दुसऱ्याच माणसाचा, हे स्पेनच्या पोलिसांनी शोधलं. तेव्हा आधी घटनास्थळाच्या ठशावरच्या खुणा टिपून घे, यादी नंतर उघड. आधी यादी पाहिलीस तर डोळा मुळात नसलेलं साम्यही शोधून काढतो. मी स्वतः यात एकदा फसलो होतो, दुसऱ्या सहकाऱ्याने पाहिलं म्हणून वाचलो.

आता जे मनाला सर्वांत जास्त लागतं ते. 2022 च्या कायद्याने अटक झालेल्याचेही ठसे, बुबुळं, फोटो घेता येतात आणि ते 75 वर्षं राहतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली, तर कोर्टाने वेगळं सांगितलं नसल्यास नोंद नष्ट करायची, हेही त्याच कायद्यात आहे. पण हे सुटलेल्याला कोण सांगतं? माझ्या ओळखीचा एक मुलगा चोरीच्या खटल्यातून सुटला. तरी गावात कुठे घर फुटलं की पहिलं बोलावणं त्यालाच. तीन वर्षांनी तो गाव सोडून गेला. त्याची स्लिप मीच घेतली होती, आणि सुटल्यावर ती काढली गेली का, हे मी कधी विचारलं नाही.

तुझ्या टेबलाशी कोणी निकालाची प्रत घेऊन आला, तर त्याला बसव. अर्ज कोणाकडे द्यायचा ते सांग, लिहिता येत नसेल तर लिहून दे. पोच घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नकोस.

तुझा,
काका