चर्च की सभागृह? लाइपझिगची विद्यापीठ-मंडळी

प्रश्न : जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या ‘पाउलिनुम’ या इमारतीला कुणी सभागृह म्हणतं, कुणी ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचं) चर्च. खरं काय?

उत्तर : दोन्ही. अधिकृत नावच ‘पाउलिनुम : सभागृह आणि विद्यापीठ चर्च सेंट पाउली’ असं लांबलचक आहे आणि त्यातला ‘आणि’ बऱ्याच भांडणानंतर आला.

आजची इमारत नवी आहे. त्या जागेवरचं मूळ चर्च डोमिनिकन या कॅथलिक संघाच्या साधूंचं, १२४० मधलं. ल्यूथरच्या धर्मसुधारणेनंतर साधूंचा मठ बंद पडला आणि १५४३ मध्ये वास्तू विद्यापीठाला मिळाली. १२ ऑगस्ट १५४५ रोजी खुद्द ल्यूथरने प्रवचन करून ती प्रॉटेस्टंट उपासनेसाठी खुली केली. पण तिथे दर रविवारी उपासना होत नसे. नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट असे मोठे सण आणि विद्यापीठाचे समारंभ, एवढंच. नियमित रविवारची उपासना सुरू व्हायला १७१० उजाडलं.

प्रश्न : संगीतकार बाख याच चर्चचे संगीतप्रमुख होते ना?

उत्तर : नाही, ते लाइपझिगच्याच सेंट थॉमस चर्चचे कँटर, म्हणजे संगीतप्रमुख. इथे त्यांचा हक्क सणांच्या ‘जुन्या’ उपासनेपुरता. रविवारची ‘नवी’ उपासना विद्यापीठाने ग्योर्नर या ऑर्गनवादकाकडे दिली होती. बाखनी १७२५ मध्ये थेट राजाकडे तीन अर्ज केले, तरी नवी उपासना काही हाती आली नाही. मात्र राणी क्रिस्टियाने एबरहार्डिनेसाठीचं त्यांचं शोकगीत १७२७ मध्ये इथेच सादर झालं.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातून वाचलेलं चर्च नंतर का पाडलं?

उत्तर : पूर्व जर्मनीच्या सरकारला कार्ल मार्क्स चौकात समाजवादी विद्यापीठ हवं होतं, गॉथिक चर्च त्या चित्रात बसेना. २३ मे १९६८ ला नगरपरिषदेने ठराव केला. विरोधात एकच मत. विद्यापीठाच्या सिनेटचीही संमती होती, हे विसरू नये. ३० मेच्या सकाळी सुरुंग लावून चर्च उडवलं. मधल्या आठवडाभरात वेदी, १७३८ चं पुल्पिट (प्रवचनाचा उंच मंच) आणि बऱ्याच स्मृतिशिला बाहेर काढता आल्या. मोठा ऑर्गन गेला तो गेलाच. पुढे वेदीच्या जागेच्या आसपास ३३ टनी कांस्यशिल्प बसवलं, मार्क्सचा चेहरा असलेलं. ते २००६ मध्ये उतरवलं.

प्रश्न : इमारतच नाही, तर मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा समुदाय, टिकली कशी?

उत्तर : विद्यापीठाची उपासना सेंट निकोलाय चर्चमध्ये चालू राहिली. या मंडळीची बांधणी वेगळी आहे : राहत्या वस्तीवरून सदस्य ठरणारा हा पॅरिश नव्हे. उपदेशक ईश्वरविद्या शाखेतले प्राध्यापक, समोर विद्यार्थी, शिक्षक आणि ज्याला यावंसं वाटेल तो. अशा मंडळीला छप्पर बदललं तरी चालतं. शिकणाऱ्या माणसापुढे धर्मवचन विचारपूर्वक मांडायचं, हेच तिचं मुख्य काम.

प्रश्न : नव्या इमारतीत दोन्ही गोष्टी कशा जमवल्या?

उत्तर : वास्तुविशारद एरिक फान एगेराट यांची ही वास्तू डिसेंबर २०१७ मध्ये खुली झाली. वेदीचा भाग आणि सभागृह यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. सेंट थॉमसमध्ये ठेवलेली जुनी वेदी परत आली आहे. वाद पेटला तो पुल्पिटवरून. ते सभागृहाच्या भागात लावायचं, तर हवेतल्या ओलाव्याने जुनं लाकूड बिघडेल, असा एक आक्षेप. लाकडाची काळजी रास्तच. पण पुल्पिट लागलं की सभागृहाचं चर्च होतं, ही धास्तीही त्यामागे होतीच.