दुखणं थांबवणाऱ्या औषधाने श्वास का मंदावतो?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांना ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलं, दुखणं थांबलं, पण उलट्या झाल्या आणि सिस्टर सारख्या त्यांचे श्वास मोजत राहिल्या. दुखण्याच्या औषधाचा श्वासाशी काय संबंध? मी भूलतज्ज्ञ आहे. रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॉर्फिनला दुखणं वगैरे काही कळत नाही. चेतापेशीच्या आवरणात 'म्यू' नावाचा ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूच्या जातीची औषधं (ओपिऑइड) धरून ठेवणारा रेणू असतो, त्याला ते जाऊन चिकटतं. खरं तर हा रिसेप्टर आपल्या शरीरातच तयार होणाऱ्या एंडॉर्फिनसारख्या रसायनांसाठीचा. मॉर्फिन त्यावर बसलं की पेशीतली पोटॅशियमची दारं उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर जातं आणि ती पेशी गप्प होते. पुढे काय होणार, हे ती पेशी कुठे बसलेली आहे आणि कोणतं काम करते यावर ठरतं.

ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणारा देठ, जेमतेम अंगठ्याएवढा, पण त्यात असल्या वेगवेगळ्या कामांच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या आहेत. त्याच्या वरच्या भागात पाठीच्या कण्याकडे उतरणारी, वेदना दाबणारी एक वाट निघते. एरवी गाबा हे इतर पेशींना शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशी तिला रोखून धरतात. मॉर्फिन या रोखणाऱ्यांनाच गप्प करतं, वाट मोकळी होते आणि दुखणं कमी होतं.

खाली मस्तिष्कपुच्छात, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या भागात, श्वासाची लय तयार करणारा पेशींचा छोटा पुंजका आहे, प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. १९९१ साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी तो नवजात उंदरांमध्ये दाखवून दिला. मेंदूचा तेवढा पातळ काप वेगळा करून बशीत ठेवला, तरी त्यातून श्वासाच्या तालाचे संदेश येतच होते! याही पेशींवर म्यू रिसेप्टर आहेत. त्या गप्प होऊ लागल्या की ताल विरळ होतो. शिवाय रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोरात करायला लावणारी जी यंत्रणा असते, तीही सुस्तावते.

रिकव्हरी रूममध्ये हे डोळ्यांसमोर दिसतं. पेशंट शांत झोपलेला, छाती मिनिटाला ७ वेळाच हलतेय. निरोगी मोठ्या माणसात हा आकडा १२ ते २० असतो. मी खांद्याला हात लावून म्हणते, "काका, मोठा श्वास घ्या बरं." ते लगेच घेतात. तीन-चार चांगले श्वास, मग पुन्हा पापण्या मिटतात आणि पुन्हा तो लांबलचक थांबा. फुप्फुसं ठीक असतात, छातीचे स्नायूही ठीक. ठरवून घेतलेल्या श्वासाचा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून वेगळ्या वाटेने येतो, म्हणून तो पोचतो. आपोआप चालणारा ताल मात्र ब्रेनस्टेममध्येच दबलेला असतो.

म्हणून सिस्टर मोजत होत्या. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर बोटावरच्या यंत्रात आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. घड्याळ लावून छातीकडे बघणं याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

उलट्यांचं केंद्रही मस्तिष्कपुच्छाजवळच. तिथल्या 'एरिया पोस्ट्रेमा' या जागी रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा कच्चा असतो, कारण रक्तातलं विष ओळखणं हेच तिचं काम. मॉर्फिनने ती चाळवते. त्यावर आम्ही ऑन्डान्सेट्रॉन देतो, ते सेरोटोनिन या दुसऱ्याच संदेशवाहक रसायनाचा एक रिसेप्टर अडवतं. म्यूला ते हात लावत नाही, त्यामुळे दुखणं परतत नाही.

श्वास फारच मंदावला तर नॅलोक्सोन आहे. ते म्यूवरून मॉर्फिनला हटवून स्वतः तिथे बसतं, आणि शिरेतून दिल्यावर दोन-तीन मिनिटांत छाती हलायला लागते. पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, आणि पेशंट पुन्हा झोपेत बुडू शकतो. म्हणून नॅलोक्सोन दिलेल्या पेशंटजवळून आम्ही काही तास हलत नाही. घरी ओपिऑइड गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यासोबत झोपेची गोळी देऊ नका आणि दारू तर अजिबात नको; त्या दोन्ही गाबाच्या रिसेप्टरवर काम करून तोच श्वास दुसऱ्या बाजूने दाबतात. वडील हाक मारूनही नीट जागे होत नसतील किंवा श्वासांत लांब थांबे दिसत असतील, तर त्यांना हलवून जागं करत राहा, श्वास घ्यायला सांगत राहा आणि त्याच क्षणी अँब्युलन्स बोलवा.