न्यू जर्सीत कुपनं वापरून महिन्याचा किराणा आटोक्यात कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की इकडे येऊन चार महिने झाले, घरात दोघंच, तरी किराण्याला महिन्याचे ६०० डॉलर जातात आणि ऑफिसातले सगळे कुपनं वापरा म्हणतात, तर सुरुवात कुठून करू.

मी इथे न्यू जर्सीतच, एडिसन गावात नऊ वर्षं आहे आणि पहिल्या वर्षी मी उलटंच केलं, आधी कुपनं जमवली आणि मग कुपन आहे म्हणून वस्तू आणल्या. सॅलड ड्रेसिंगच्या आठ बाटल्या! आमच्याकडे रोज काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून, त्या ड्रेसिंगला विचारतंय कोण. शेवटी तारीख उलटलेल्या पाच बाटल्या सिंकमध्ये ओतल्या, घरभर व्हिनेगरचा वास आणि नवऱ्याचे टोमणे वेगळेच.

त्यामुळे आधी डबे उघडून बघा, काय संपलंय ते लिहा, मगच कुपनं बघायला फोन हातात घ्या. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, आपल्या स्वयंपाकाला लागतं त्यातल्या निम्म्याला कुपनच नसतं. तूरडाळ, पोहे, कणीक, कोथिंबीर यांना कसलं कुपन? कुपनं असतात ती पॅकबंद ब्रँडच्या मालाला, म्हणजे सीरियल, दही, टूथपेस्ट, डिटर्जंट, शाम्पू. म्हणून मी यादीचे दोन भाग करते, डाळ-तांदूळ इंडियन दुकानात सेल बघून, आणि साबण-दूध-दही वगैरे अमेरिकन दुकानात कुपनावर.

शॉपराइट या सुपरमार्केटचा फ्लायर, म्हणजे आठवड्याच्या सेलचं पत्रक, रविवार ते शनिवार असतो, मी शनिवारी रात्री चहा घेत पुढच्या आठवड्याचा बघते. वस्तू सेलवर असेल आणि तिचंच कुपनही असेल तेव्हा खरी मजा. जानेवारीत त्यांचा कॅन कॅन सेल असतो, तेव्हा छोले, राजमा, टोमॅटोचे कॅन घेऊन ठेवते, ते टिकतात.

आता हिशोब. समजा डिटर्जंटची ४६ औंसाची बाटली ५.९९ ला आणि ९२ औंसाची १०.९९ ला. कुपन नसेल तर मोठी स्वस्त, औंसाला साधारण १२ सेंट, छोटी १३ ला पडते. पण २ डॉलरचं कुपन लावलं की छोटी ३.९९ ला, म्हणजे औंसाला पावणेनऊ सेंटच्या आत, आणि मोठी पावणेदहाच्या थोडी वर. म्हणजे कुपन असलं की बऱ्याचदा छोटी बाटली परवडते! शेल्फवरच्या लेबलवर बारीक अक्षरात युनिट प्राइस, म्हणजे औंसाला किती पडतं ते, असते ती बघायची सवय लावा, फक्त त्यात तुमचं कुपन धरलेलं नसतं, ते डोक्यात वजा करायचं.

कुपनं दोन प्रकारची, कंपनीचं (त्यावर मॅन्युफॅक्चरर लिहिलेलं असतं) आणि दुकानाचं. एका वस्तूवर कंपनीची दोन चालत नाहीत, मग एक कागदी आणि एक ॲपमधलं असलं तरी नाही. कंपनीचं एक आणि दुकानाचं एक मात्र बऱ्याच ठिकाणी चालतं, दुकानाच्या वेबसाइटवर कुपन पॉलिसी असते ती एकदा वाचून घ्या. आणि टॅक्सची गंमत अशी की घरी शिजवायच्या सामानावर इकडे टॅक्स नाही, टॉयलेट पेपरवर पण नाही, पण डिटर्जंटवर ६.६२५ टक्के आहे, आणि कंपनीचं कुपन लावलं तरी टॅक्स मूळ ५.९९ वरच लागतो. दुकानाचं असेल तर कमी झालेल्या किमतीवर. मी एकदा यावरून काउंटरवर उगाच वाद घातला होता, चूक माझीच निघाली 😅

६०० चे ३०० होतील अशी आशा धरू नका. आम्ही चौघं आहोत, निव्वळ कुपनांनी महिन्याला ३५-४० डॉलर वाचतात, बाकी फरक पडला तो यादीमुळे आणि आठवड्यातून तीनदा जायचो ते एकदाच जायला लागल्यामुळे. मी यादीत प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत लिहून घरीच बेरीज करते आणि बजेटच्या वर गेली तर खालून खोडत येते, चिप्स पहिल्यांदा जातात.

आणि हो, दुकानाच्या ॲपमधली कुपनं घरूनच क्लिप करून, म्हणजे बटण दाबून आपल्या खात्यात घेऊन निघा, आमच्या दुकानात आत नेटवर्क येत नाही, मग काउंटरवर फोन हलवत उभं राहायचं आणि मागे लाइन. पिशव्या पण घरूनच न्या, २०२२ पासून इथल्या मोठ्या दुकानांत प्लास्टिकची काय, कागदीही देत नाहीत.