रत्नागिरीत राहून हृदयाचं संशोधन होतं का?

हृदयविकारात डीएम (एमडीनंतरची पदवी) झालीस, आता संशोधनासाठी मुंबईतच राहावं का, असं विचारतेस. माझं ऐक, इकडे ये. विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलामाइन (अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं) उसळतात, हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडमध्ये रुग्ण तपासता तपासता अभ्यासला आणि १९८६मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. प्रश्न कोकणातलाच होता.

सुरुवात नोंदींपासून कर. छातीत दुखायला लागल्याची वेळ स्वतः विचारून लिही. 'पित्त असेल' म्हणत आपली माणसं सोलकढी पिऊन पडून राहतात (फार जीव तुटतो गं), आणि केसपेपरवर फक्त दवाखान्यात पोचल्याची वेळ उरते. मधले तास हाच तुझा विषय होऊ शकतो. ईसीजीचा थर्मल कागद फिकट पडतो, तो त्याच दिवशी स्कॅन कर.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, माहिती नंतर. ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत) नोंदणी. आणि संख्याशास्त्रज्ञाला प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहितानाच गाठ. डेटा जमल्यावर गेलीस तर नमुना अपुरा पडल्याचं तेव्हा कळतं.