12 वर्षे जमीन कसली की ती आपल्या नावावर होते का?

नुसत्या कसण्याने होत नाही. मुदत कायदा 1963 प्रमाणे खाजगी जमिनीवर 12 वर्षे आणि सरकारी जमिनीवर 30 वर्षे कब्जा लागतो, पण तो उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा. घड्याळ जमिनीत पाऊल ठेवल्यापासून नाही, कब्जा मालकाच्या विरोधात गेला तेव्हापासून चालू होतं. बहुतेक दावे इथेच पडतात. मालकाने विश्वासाने राहायला दिलं, राखणीला ठेवलं, भाड्याने किंवा वाट्याने दिलं, तर तो परवानगीचा कब्जा; 40 वर्षे गेली तरी तेवढ्यावर मालकी येत नाही. भावाभावांत तर एकाचा कब्जा सगळ्यांचा धरला जातो. बाकीच्यांचा हिस्सा उघडपणे नाकारल्याचं दाखवावं लागतं.

दाव्यात नेमकं लिहा: कब्जा कोणत्या तारखेपासून, कसा आला, मालकाला कसं कळलं, कुणाची हरकत आली का. सातबाऱ्यावरची पीक पाहणी, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, शेजाऱ्यांची साक्ष जोडा. सातबारा किंवा घरपट्टी एकटी मालकी देत नाही. आणि ‘मी जमीन विकत घेतली, नाहीतर कब्जाने माझी’ असं दोन्ही एकदम मांडू नका, दोन्ही बाजू कमकुवत होतात.

2019 पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणातील निकालानंतर, कब्जेदार स्वतः दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागू शकतो. आधी हा मुद्दा फक्त बचावात, म्हणजे मालकाने दावा लावल्यावरच चालेल, असंही मानलं जात असे. न्यायालयाचा हुकूमनामा (अंतिम आदेश) मिळाला की तो जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्या.

तुम्ही मालक असाल तर 12 वर्षांच्या आत कब्जा परत मागण्याचा दावा लावा. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही.