लॉक हातात ठेवून दुसऱ्या प्रोसेसरच्या उत्तरासाठी थांबू नये

नांदेडहून आपण विचारले आहे की, प्रत्येक प्रोसेसरवरील पॅकेटांची मोजणी एकत्र करणारे आपले लिनक्स मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जोडलेला कोड) एका कोअरच्या, म्हणजे एकाच प्रोसेसरच्या, व्हर्च्युअल मशीनवर आठवडाभर विनातक्रार चालते, परंतु महाविद्यालयातील चार कोअरच्या संगणकावर तासा-दोन तासांत सगळे गोठते, आणि तेही प्रत्येक लॉक (सामाईक माहिती एका वेळी एकालाच हाताळू देणारे कुलूप) न चुकता सोडलेला असताना. आपला कोड मी दोनदा वाचला. लॉक सोडण्यात चूक नाही. लॉक धरलेला असताना आपण जे काम काढता, त्यात आहे.

आपण ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ने मोजणीच्या तक्त्याचा लॉक घेता, त्यामुळे त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट, म्हणजे हातातले काम मध्येच थांबवणारे संकेत, बंद होतात, आणि पुढच्याच ओळीत प्रत्येक प्रोसेसरवर एक फंक्शन चालवणारे ‘ऑन_ईच_सीपीयू’ बोलावून बाकीचे आपापली मोजणी कळवेपर्यंत थांबता. हा निरोप आयपीआयने, म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेल्या इंटरप्टने पोहोचतो. समजा, शून्य क्रमांकाचा प्रोसेसर असा थांबला असताना दोन क्रमांकाचा प्रोसेसर तोच लॉक मिळावा म्हणून इंटरप्ट बंद करून फिरत बसला आहे. त्याला निरोप ऐकू येणार नाही, आणि उत्तर आल्याशिवाय शून्य लॉक सोडणार नाही. आमच्याकडे सामाईक विहिरीवर एका भावाकडे स्टार्टरच्या पेटीची किल्ली आणि दुसऱ्याकडे पाइप असला, की ‘आधी तू दे’ म्हणता म्हणता दोघांचेही पीक वाळते, तसाच हा प्रकार आहे. एका कोअरवर निरोप धाडायला दुसरे कोणीच नसते, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

यावर बहुतेक जण इंटरप्ट चालू ठेवणारा साधा ‘स्पिन_लॉक’ लावून मोकळे होतात. वाळूजच्या एका कारखान्यासाठी ड्रायव्हर लिहिताना मीही तेच केले होते. इंटरप्ट बंद असताना थांबल्याबद्दलचा कर्नलचा इशारा छापला जाणे थांबले, यंत्र पंधरा दिवस चालले आणि एका रात्रपाळीत पुन्हा गोठले, कारण दुसऱ्या प्रोसेसरवरील इंटरप्ट हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड, तोच लॉक मागत होता. याउलट, लॉक एकही नसला तरी दोन प्रोसेसर इंटरप्ट बंद ठेवून एकमेकांना आयपीआय पाठवतील, तर दोघेही अडकतील. म्हणून उत्तराची वाट पाहणे हाही एक लॉकच धरावा आणि लॉकच्या क्रमात त्याला सर्वात बाहेरचे स्थान द्यावे, म्हणजे दुसरा कोणताही लॉक हातात नसतानाच वाट पाहावी, असे माझे मत झाले आहे. २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आलेला लॉकडेप हा कर्नलचा लॉक-तपासनीस लॉकांचा उलटसुलट क्रम उत्तम पकडतो, परंतु हे थांबणे त्याच्या हिशेबात लॉक म्हणून येतेच असे नाही. त्याच्या मौनावर विसंबू नका.

खरे तर आपल्या कामाला आयपीआयची गरजच नाही. प्रत्येक प्रोसेसरने फक्त स्वतःच्या पर-सीपीयू चलात (प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी प्रत असलेल्या चलात) लिहावे आणि बेरीज करणाऱ्याने ती चले थेट वाचावीत. आकडा क्षणभर शिळा असेल, पण पॅकेट मोजायला तेवढे चालते. फेरी मात्र ‘फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू’ने घ्यावी, केवळ ऑनलाइन प्रोसेसर धरले, तर मधेच बंद केलेल्या कोअरची जुनी मोजणी बेरजेतून गळते. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांचा आकडा अर्धवट वाचला जाऊ शकतो, तेव्हा तिथे ‘यू६४_स्टॅट्स_सिंक’ वापरावे.

दुसऱ्या प्रोसेसरवर काम चालवणे खरोखरच भाग पडले, तर आधी लॉकविना सगळ्यांची उत्तरे वेगळ्या जागेत गोळा करावीत आणि नंतर लॉक घेऊन ती तक्त्यात उतरवावीत. आपण हे टायमरच्या फंक्शनमधून करता. ते सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टपाठोपाठ उरकायच्या कामांत, चालते आणि तिथून उत्तरासाठी थांबण्यास मुळातच मनाई आहे, म्हणून ते काम वर्कक्यूकडे, म्हणजे कामे नंतर साध्या थ्रेडमध्ये उरकणाऱ्या रांगेकडे, सोपवावे. न थांबता निरोप धाडायचा असेल, तर ‘एसएमपी_कॉल_फंक्शन_सिंगल_असिंक’ आहे. त्याला द्यायची रचना स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत, ठेवू नये, कारण आपले फंक्शन परतल्यावर ती जागा दुसऱ्याच कोणाची होते. आणि आधीचा निरोप पोहोचला नसेल, तर ते ‘ईबिझी’ हा त्रुटीचा संकेत परत करते, तेही तपासावे.

आता चार कोअर दिलेल्या व्हर्च्युअल मशीनवर ‘प्रूव्ह_लॉकिंग’ (लॉकडेप चालू करणारा) आणि ‘सीएसडी_लॉक_वेट_डीबग’ हे दोन्ही पर्याय चालू करून कर्नल बांधा आणि जुनेच मॉड्यूल आधी चालवा. नव्या कर्नलवर बूट करताना ‘सीएसडीलॉक_डीबग=१’ही द्यावे, मग दुसरा पर्याय उत्तर न देणाऱ्या प्रोसेसरचा क्रमांक छापतो. त्या प्रोसेसरचा स्टॅक, म्हणजे तो कोणत्या फंक्शनांत अडकला त्याची यादी, इथे टाका. तो आपल्या तक्त्याच्या लॉकपाशी थांबलेला नसेल, तर अडचण आणखी कुठेतरी आहे आणि मग पुन्हा पाहावे लागेल.