आधी दुरुस्ती, टॅब नंतर

रात्री पावणेदोनला पाठवलेली तुझी मेल सकाळी वाचली. लिनक्स कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, नल पॉइंटरची (रिकाम्या पत्त्यावरून मेमरी वाचण्याची) चूक शोधायला चार दिवस गेले आणि रिव्ह्यूमधल्या नऊ कमेंट्सपैकी एकही तिच्याबद्दल नाही, हे वाचून मलाही लागलं. मग तुझ्या पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या संचाची, दुसरी आवृत्ती उघडली आणि चिडलो. तीन ओळींच्या दुरुस्तीसोबत अख्ख्या फाइलमधली ओळींआधीची मोकळी जागा टॅबवर आणून ठेवलीस! त्या दोनशे चाळीस ओळींत तुझ्या तीन कुणी शोधायच्या?

एका पॅचमध्ये एकच गोष्ट.

कर्नलमध्ये टॅब आठ अक्षरांचा, फंक्शनचा महिरपी कंस नव्या ओळीवर, इफचा त्याच ओळीवर. पटो न पटो, पाळायचं. पाठवण्याआधी चेकपॅच, हे शैली तपासणारं स्क्रिप्ट, चालवलं असतंस तर यातल्या बहुतेक कमेंट्स आल्याच नसत्या. मात्र मेमरी मागताना साइझऑफमध्ये (आकार सांगणाऱ्या ऑपरेटरमध्ये) स्ट्रक्टचं नाव न देता पॉइंटरवरून आकार घे, ही कमेंट नुसती मान्य करून पुढे जाऊ नकोस. उद्या पॉइंटरचा टाइप बदलला तरी मेमरी बरोबर मापात मिळावी, म्हणून ती आहे.

डोळा इंडेंटेशनवर, म्हणजे ओळीआधीच्या मोकळ्या जागेवर, विश्वास ठेवतो. 2014 साली ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही थेट शेवटाकडे उडी मारणारी ओळ दोनदा पडली होती. दुसरी इफच्या आत असल्यासारखी दिसायची, पण होती बाहेर, आणि सहीची तपासणीच टळली. आणि तू एका दमात दोनशे चाळीस ओळी सरकवतोयस.

मी हेच केलंय. सिरियल ड्रायव्हर नीटनेटका करताना माझ्या हातून लूपच्या अटीत ‘पेक्षा लहान’चं ‘लहान किंवा समान’ झालं. सहाशे ओळींच्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) ते रिव्ह्यूअरला दिसलं नाही. चूक कुठल्या बदलाने आली ते शोधणाऱ्या बायसेक्टने माझ्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) बोट ठेवलं, पण तो मागे घ्यावा तर त्यातली खरी दुरुस्तीही जाणार. बोलणी त्या रिव्ह्यूअरला बसली. मी त्यांची माफी कधी मागितली नाही. तेव्हापासून मिसळलेला पॅच मी न वाचता परत पाठवतो. आडमुठा म्हणतात मला, म्हणोत. एका पॅचमध्ये एकच गोष्ट.

तू दुसऱ्याचा पॅच तपासशील तेव्हा आधी लॉजिक बघ. दिशाच चुकली असेल तर टॅबचा विषय काढू नकोस, नाहीतर समोरचा टॅब सुधारण्यात रात्र घालवतो आणि सकाळी त्याला कळतं की फंक्शनच नको होतं. तुझ्या रिव्ह्यूअरने लॉजिकबद्दल एक ओळ लिहायला हवी होती, हे मी त्यालाही सांगेन.

आता तिसरी आवृत्ती दोन पॅचची कर. दुरुस्ती आधी, म्हणजे ती एकटी स्टेबलमध्ये, आधी प्रसिद्ध झालेल्या कर्नलमध्ये, जाऊ शकेल. टॅब नंतर. पॅचच्या वर्णनानंतर येणाऱ्या तीन डॅशच्या रेषेखाली मागच्या आवृत्तीपासून काय बदललं ते लिही, आणि पाठवण्याआधी मला दाखव.